घरी सोडल्यानंतरची शुश्रूषा

मेंदू, मज्जारज्जू, नसा, हाडं आणि सांधे यांच्या आजारांत एक गोष्ट सारखी असते. रुग्णालयातले दिवस थोडे आणि घरातले महिने फार. न्यूमोनियाचा रुग्ण बहुतेक वेळा बरा होऊन घरी जातो. अर्धांगवायू झालेला, मणका मोडलेला किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण घरी जातो तेव्हा त्याचं बरं होणं नुकतं कुठे सुरू झालेलं असतं. पुढचं सगळं बायको, सून, मुलगा, भाऊ यांच्या हातात असतं. या माणसांना आपण काय शिकवून पाठवतो, हा या पुस्तिकेचा विषय आहे. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात काम करणाऱ्या परिचारिका, आरोग्यसेविका आणि आशाताईंसाठी ती लिहिली आहे, पण घरात असा रुग्ण असलेल्या कुणालाही ती वाचता येईल.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. या आजारांत घरच्यांना शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. औषधाचा डोस जसा ठरलेल्या वेळी देतो आणि लागू पडला का ते पाहतो, तसंच शिकवणंही वेळेवर द्यावं लागतं आणि ते उतरलं का हे तपासावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं? बिल भरून झालेलं असतं, रिक्षा किंवा गाडी दाराशी उभी असते, नातेवाईक पिशव्या भरत असतात आणि त्या गडबडीत सिस्टर इंग्रजीत लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड हातात देऊन पाच मिनिटांत सगळं सांगून टाकते. त्यातलं घरी किती पोचतं, हे महिन्याभराने माकडहाडावरची जखम घेऊन परत आलेला रुग्ण आपल्याला दाखवतो.

मुळशीत हे काम आणखी अवघड होतं, कारण इथे एकाच तालुक्यात अनेक प्रकारची आयुष्यं शेजारी शेजारी आहेत. हिंजवडीत दिवसभर संगणकापुढे बसून मान आणि कंबर धरलेले तरुण आहेत. पिरंगुटच्या कारखान्यांत मशिनमध्ये बोटं सापडलेले कामगार आहेत. पौड रस्त्यावर आणि ताम्हिणी घाटात दुचाकीवरून पडलेले, डोक्याला आणि मणक्याला मार लागलेले तर बाराही महिने येतात, पावसाळी सहलींच्या दिवसांत जास्तच. आणि धरणाच्या पाण्यामागच्या गावांत, डोंगरावरच्या धनगरवाड्यांत, कातकऱ्यांच्या वस्त्यांत अशी माणसं आहेत ज्यांच्यासाठी पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत येणं हाच एक दिवसाचा प्रवास होतो. लवळ्याला सिंबायोसिसचं मोठं रुग्णालय आल्यापासून तालुक्याच्या पूर्वेकडची सोय सुधारली आहे. पश्चिमेकडच्या वाडीतल्या माणसाला मात्र डांबरी रस्त्यावर येईपर्यंत आजही खांद्यांचाच आधार.

ते खांदे देताना काय होतं, ते नीट पाहायला हवं. माणूस आंब्यावरून किंवा जांभळीवरून पडला की चार जण धावतात, दोघं काखेत हात घालून त्याला बसतं करतात, कुणी पाणी पाजतं, मग घोंगडीची किंवा चादरीची झोळी करून ती बांबूला बांधून निघतात. माणुसकी त्यात पुरेपूर आहे. पण झोळीत माणूस धनुष्यासारखा वाकतो, आणि मणका मोडलेला असेल तर आतला मज्जारज्जू तिथेच चेपला जातो. पडल्या जागी पाय हलत होते आणि रुग्णालयात पोचेपर्यंत हलेनासे झाले, असं घडू शकतं. म्हणून या पुस्तिकेतलं पहिलं प्रात्यक्षिक झाडावरून पडलेल्या माणसाचं आहे. त्याला बसवू नये, पाणी पाजू नये. एकाने डोक्याच्या मागे बसून डोकं आणि मान दोन्ही हातांत सरळ रेषेत धरावी. बाकीच्या तिघांनी खांदा, कंबर आणि पाय धरून, डोकं धरणाऱ्याने सांगितल्यावरच, सगळं अंग एकदम कुशीवर वळवावं आणि खाली दाराची फळी, शिडी किंवा सपाट फळकूट सरकवावं. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावावेत आणि कपाळावरून, छातीवरून, मांड्यांवरून फडक्याने बांधून घ्यावं. वॉर्डात आम्ही याला लॉगरोल म्हणतो. वाडीवर ते कुठल्याही नावाने चालेल, फक्त गणेशोत्सव मंडळाच्या पोरांकडून एकदा करून घ्यावं, कारण वेळ येते तेव्हा धावणारी तीच असतात.

आता अर्धांगवायूबद्दल. आपल्याकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं होतं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं किंवा भलतंच येतं. यातलं एक जरी अचानक दिसलं, तरी घड्याळ बघायचं आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायचा. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. याच कारणाने घरात पडलेली रक्त पातळ करण्याची गोळी कुणाच्या सांगण्यावरून तोंडात घालू नये. ताम्हिणीकडच्या गावातून निघालेल्या माणसाच्या साडेचार तासांतले कितीतरी तास रस्त्यातच जातात आणि उरलेले पुण्याच्या वेशीवरच्या गर्दीत. त्यात आधी मालिश, मग अंगारा, मग जवळच्या दवाखान्यात एक सलाईन असं करत बसलं की वेळ संपतो. आशाताईने गावात विचारायचा प्रश्न एकच: शेवटचं नीट बोलताना, चालताना कुणी पाहिलं आणि किती वाजता? ती वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णासोबत पाठवावी. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर डॉक्टर पहिली तीच गोष्ट विचारतात.

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला पाणी देऊ नका, हे आम्ही सांगतो तेव्हा घरच्यांना ते कठोर वाटतं. घसा कोरडा पडलेला बाप पाणी मागतो आणि सिस्टर नाही म्हणते. पण गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतील तर पाणी पोटात जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरतं, आणि कधी कधी खोकलासुद्धा येत नाही. दोन-तीन दिवसांनी ताप, धाप आणि छातीत कफ. झटक्यातून वाचलेला माणूस मग न्यूमोनियाने जातो. म्हणून आधी गिळण्याची चाचणी. रुग्णाला ताठ बसवून चमचाभर पाणी द्यायचं, गळ्यावर बोटं ठेवून घाटी वर जाते का ते पाहायचं, आवाज ओला-घोगरा होतो का ते ऐकायचं. ही चाचणी शिकलेल्या माणसानेच करावी. ती झाल्यावरही घरी पातळ पेज, चहा, ताक यांपेक्षा गुरगुट्या भात, घट्ट वरण, खिमट सुरक्षित. मुळशीच्या घराघरांत हे असतंच. आंबेमोहोराचा मऊ भात यासाठी फार चांगला. भरवताना हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली असावी, घास लहान असावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. एक गोष्ट हमखास राहून जाते. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं आणि रुग्णाला ते कळत नाही. जेवण झालं की ओल्या फडक्याने तो गाल आतून साफ करावा.

हाताचंही असंच. लुळा पडलेला हात जड असतो आणि खांद्याचा सांधा त्या वजनाने खाली ओघळतो. अशा वेळी घरचे मायेने रुग्णाला त्याच हाताला धरून उठवतात. खांदा निखळायला आणि महिनोन्महिने दुखत राहायला एवढं पुरतं. उठवताना काखेतही हात घालायचा नाही; कमरेला पट्टा किंवा पंचा बांधून तो धरायचा. झोपवताना लुळ्या हाताखाली उशी द्यायची. सदरा किंवा ब्लाउज घालताना आधी लुळा हात, काढताना आधी धडधाकट हात. दोन दिवसांत अंगवळणी पडणारी ही गोष्ट आहे, पण कुणी सांगत नाही म्हणून घरोघर रोज सकाळी कपडे घालताना ओढाताण होते, रुग्ण कळवळतो आणि सुनेला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

आणि बोलता न येणारा माणूस. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवी बाजू लुळी पडते आणि अनेकदा वाचाही जाते. काहींना ऐकलेलं समजायलाही वेळ लागतो, पण कितीतरी जणांना सगळं कळत असतं, फक्त शब्द सापडत नाही. त्यांच्या खाटेशी उभं राहून जमिनीच्या वाटणीची, खर्चाची, ‘आता काही खरं नाही’ अशी चर्चा चाललेली मी खूपदा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी मध्येच थांबवली आहे. त्यांना हो-नाही विचारावं, उत्तराला वेळ द्यावा, वस्तू दाखवून विचारावं. लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नये. गावातल्या पाटलाला, भजनी मंडळातल्या बुवाला तसं बोललेलं सहन होत नाही. तो चिडला की मग ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असं ठरून जातं.

मणक्याच्या दुखापतीचा विचार करताना मला नेहमी एका गोष्टीचं बळ वाटतं. या रुग्णांचं आयुष्य बदललं ते मुख्यतः शुश्रूषेमुळे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कमरेखाली लुळा झालेला माणूस फार दिवसांचा सोबती नाही, असंच धरून चालत. पाठीच्या जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग त्याला नेत असे. 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला आणि आग्रह धरला की प्रत्येक रुग्णाला दिवसा आणि रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवलंच पाहिजे. सुरुवातीला ते स्वतः रात्री येऊन हे तपासत. जखमा भरू लागल्या, माणसं उठून बसू लागली, आणि बसलेल्या माणसांना काहीतरी करायला हवं म्हणून 1948 साली तिथे खेळांच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं ते मुरलीकांत पेटकरांनी. सांगली जिल्ह्यातला हा जवान, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेला. पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते उपचाराचा भाग म्हणूनच. पुढे 1974 साली आपल्या पुण्यातल्या खडकीत मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. व्हीलचेअरवर बसून काम करणारी, खेळणारी, तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारी माणसं तिथे पाहायला मिळतात. मुळशीतल्या प्रत्येक परिचारिकेने एकदा तरी तिथे जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. मणका मोडलेल्या तरुणाच्या घरच्यांशी बोलताना मग आपल्या आवाजात फरक पडतो.

दर दोन तासांनी वळवणं वाडीवरच्या घरात कसं जमवायचं? लावणीच्या दिवसांत घरातला प्रत्येक माणूस सकाळी सातला चिखलात उतरलेला असतो. घरी एखादी म्हातारी आणि खाटेवर रुग्ण. इथे नुसता नियम सांगून भागत नाही. घरच्यांसोबत बसून दिवस वाटून घ्यावा लागतो. शेतावर जाताना डावी कूस, शाळेला जाताना मुलगी येऊन उजवी, दुपारी शेजारीण. जो तासन्‌तास व्हीलचेअरवर बसतो त्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन ढुंगण उचलायचं किंवा पुढे वाकायचं. एअर बेड मिळाला तर चांगलाच, पण एअर बेड आहे म्हणून वळवणं बंद करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्या घरांत जखमा झाल्या आहेत. रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे उजेडात पाहायचे. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लालीच राहिली तर ती जखमेची सुरुवात. तिथे तेल चोळू नये, पावडर थापू नये, रबरी रिंगवर बसवू नये. रिंगेमुळे कडेचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. त्या जागेवरचा भार काढायचा, एवढंच. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तिथे हाताला गरमपणा किंवा कडकपणा लागतो का ते पाहायचं.

याच रुग्णांच्या बाबतीत एक धोका असा आहे की तो कित्येक दवाखान्यांतही ओळखला जात नाही. इजा पाठीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर शरीराच्या खालच्या भागात काही खुपलं, अडलं, तुंबलं की रक्तदाब एकाएकी भयंकर वाढतो. रुग्ण डोकं फुटतंय म्हणून ओरडतो, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, नाडी मंदावते. बहुतेक वेळा कारण साधं असतं: लघवीच्या नळीला पीळ पडलेला असतो, पिशवी भरलेली असते किंवा संडास तुंबलेला असतो. घरच्यांनी करायचं ते असं: आधी रुग्णाला ताठ बसवायचं, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करायचे, नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांनी तपासायची, पिशवी रिकामी करायची. तरी उतार पडला नाही तर ताबडतोब रुग्णालय. ही माहिती लिहिलेलं पान फाडून खाटेशेजारच्या भिंतीवर चिकटवावं. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर टांगावी, आणि जमिनीला टेकू देऊ नये.

2025 च्या जानेवारीत जीबीएस हे नाव पुण्यात घराघरांत पोचलं. गीयाँ-बारे सिंड्रोम. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्यालगतच्या भागात दूषित पाण्यातून पोट बिघडलं, आणि त्यानंतर काही जणांच्या पायांतली ताकद जाऊ लागली. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही माणसं दगावली. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते आणि अशक्तपणा पायांकडून वर चढत जातो. छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला तर श्वास अडतो. बहुतेक रुग्ण यातून बरे होतात, पण त्यासाठी आठवडे, महिने लागतात. त्या दिवसांत परिचारिकांनी काय केलं, याची नोंद फारशी कुठे झाली नाही. ऑक्सिजनचं मोजमाप बोटावर चांगलं दिसत असतानाही श्वासाचे स्नायू थकत चाललेले असू शकतात, म्हणून दर काही तासांनी रुग्णाला एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला लावायचे. सकाळी पंचवीसपर्यंत मोजणारा दुपारी बारावर थांबला, की डॉक्टरांना हाक. हे मोजणं गावातही करता येतं. पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकलं का हे विचारणाऱ्या आरोग्यसेविकेला पायात मुंग्या आणि जिने चढताना अशक्तपणा हेही विचारता आलं पाहिजे.

मण्यार चावलेल्या माणसाचा विषय अनेकांना इथे अनपेक्षित वाटेल. पण मण्यार या सापाचं विष नसांवरच घाव घालतं. भातखाचरांच्या कडेच्या घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंश दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. ‘झोपेतून उठला आणि डोळे उघडेनात’ हे ऐकलं की आधी मण्यार मनात यावी. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून अशी अनेक माणसं पूर्ण बरी होतात. आणि त्या दिवसांत, डोळे मिटलेले, बोटही हलत नसलेले, ती सगळं ऐकत असतात. अशा रुग्णाला सुई टोचण्यापूर्वी सांगावं, कूस वळवण्यापूर्वी सांगावं, आज वार कोणता, घरून कोण आलंय तेही सांगावं.

हाडांच्या आजारांकडे वळताना हाडवैद्यांबद्दल बोलायलाच हवं. मुळशीतच काय, सगळ्या मावळात लोक आजही आधी त्यांच्याकडे जातात. ते जवळ असतात, ओळखीचे असतात, पैसे कमी घेतात. त्यांच्याविषयी तुच्छतेने बोलून लोक रुग्णालयात येत नाहीत, उलट लपवतात. आपण धोका कुठे आहे तेवढं स्पष्ट सांगावं. कामट्या घालून घट्ट आवळून बांधलेल्या पट्टीखाली सूज वाढत जाते, रक्त पोचेनासं होतं आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. लहान मुलाच्या कोपराजवळ हाड मोडलेलं असेल तर हात कायमचा आखडून जातो. प्लास्टरखालीही हेच होऊ शकतं. खूण एकच आणि ती आईला नीट कळते: दुखणं गोळीने कमी न होता वाढत जातं आणि मुलाची बोटं दुसऱ्याने सरळ केली की ते किंचाळतं. बोटं थंड, निळी, बधिर होणं हे त्यापुढचं. तिथवर थांबायचं नाही. पट्टी असेल तर सोडायची, प्लास्टर असेल तर रात्र असली तरी निघायचं.

खुबा मोडलेल्या आजीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं की घरचे घाबरतात. ‘एवढ्यात कशाला?’ पण म्हाताऱ्या माणसाला अंथरुणच मारतं. छातीत कफ, पायात गुठळी, पाठीला जखम, मनाला खिन्नता. खुब्याचा सांधा बदलला असेल तर खाली बसणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं काही आठवडे टाळायचं, आणि आपल्या घरात तर सगळं आयुष्यच जमिनीवर चालतं. देवपूजा पाटावर, भाकरी चुलीपुढे बसून, संडास उकिडवं. नुसतं ‘खाली बसू नका’ असं सांगितलं तर आजी मान हलवते आणि घरी जाऊन खाली बसते, कारण दुसरी सोय नसते. म्हणून घर आधी विचारावं. खुर्चीच्या बैठकीला मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवली की कमोड झाला. गावातला सुतार ते अर्ध्या दिवसात करून देतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची, हे सांगितलं तर बहुतेकांना खरं वाटत नाही, चालून दाखवलं की पटतं. ओट्याची पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

फिट येणाऱ्यांबद्दल आणि कंपवाताबद्दल, म्हणजे पार्किन्सन्सबद्दल, पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे थोडंच. फिट आली की कांदा, चप्पल, चमचा काही नको. कुशीवर वळवावं, आसपासचं लागण्यासारखं दूर करावं, वेळ बघावी. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. चुलीपुढे, विहिरीवर, धरणाच्या पाण्यात एकट्याने जाऊ नये आणि बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. कंपवाताच्या रुग्णाचे पाय उंबऱ्याशी जमिनीला खिळल्यासारखे थांबतात तेव्हा त्याला मागून ढकलू नये. फरशीवर खडूने आडव्या रेघा मारून दिल्या की अनेकांचे पाय रेघ ओलांडायला उचलले जातात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा या रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट बरीच वर्षं काम करतो आहे. अशा गटांत मिळणाऱ्या घरगुती युक्त्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत.

शिकवायचं कसं, यावर पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे. ते कंटाळा न करता वाचावं. शिकवणं पहिल्या दिवसापासून सुरू करायचं, रोज थोडं. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘आता तुम्ही करून दाखवा’ म्हणायचं. नाकातल्या नळीतून भरवायचं असेल तर मुलीने स्वतः, आपल्यासमोर, निदान तीन वेळा भरवलेलं असावं. नेहमी जो नातेवाईक पुढे पुढे करून ऐकतो तो घरी रुग्णाचं करणारा असतोच असं नाही. कागदावर सही पुतण्या करतो आणि कूस वळवते सून, ती दाराबाहेर उभी असते. तिला आत बोलवावं. पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू झालं, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात पाठवून परिचारिकेचं शिक्षण देण्याची सोय काही वर्षांतच झाली. घरातून बाहेर पाऊल टाकायला ज्यांना मज्जाव होता, अशा बायकांनी महाराष्ट्रात हा व्यवसाय उभा करायला हातभार लावला. दाराबाहेर उभ्या असलेल्या सुनेला आत बोलावणं हे त्याच कामाचं पुढचं पाऊल आहे.

त्या सुनेच्या कंबरेचाही विचार पुस्तिकेत केला आहे. जूनपासून ती वाकून रोपं उपटते, लावणी करते, डोक्यावरून पाणी आणते, आणि रात्री साठ-सत्तर किलोच्या सासऱ्याला ओढून वर सरकवते. वर्षाभरात घरात दोन रुग्ण होतात. रुग्णाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून सरकवायचं, गुडघे वाकवायचे, पाठ ताठ ठेवायची, रुग्णाला जेवढा जोर लावता येतो तेवढा लावायला सांगायचं. खाट तिच्या कमरेच्या उंचीची हवी. पायांखाली विटा लावून ती वर घ्यावी. तिला रात्रीची झोप मिळते का, हे विचारायलाही विसरू नये.

कागदपत्रांचं शेवटी सांगते, पण कामाच्या दृष्टीने ते शेवटचं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य झाले. पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे त्यांत आहेत, हे कित्येक घरांना माहीतच नसतं. दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं की संजय गांधी निराधार योजनेसारख्या मदतीसाठी पौडच्या तहसील कचेरीत अर्ज करता येतो. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, एमआरआयच्या फिल्म आणि रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या लागतात, आणि नेमके तेच कागद कौलातून गळणाऱ्या पाण्याने पहिल्याच पावसाळ्यात भिजून जातात. घरी सोडताना सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावं, आशाताईने मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा, आणि पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावी.